लग्नाच्या बॅनरवरची कुबडी

रिसोडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करते. बॅनर वाढदिवसाचं असो की लग्नाचं, गिऱ्हाइकाचं म्हणणं एकच, "ताई, थोडं गोरं करून द्या." मीही देते. एका आजोबांना श्रद्धांजलीच्या बॅनरवर इतकं उजळवलं, की त्यांच्याच म्हातारीने विचारलं, "हे कोन होय?"

माझा डावा पाय लहानपणापासून बारीक. कुबडीशिवाय चालता येत नाही. माझं लग्न ठरलं आणि केनवडच्या फाट्यावर लावायचं बॅनर करायलाही मीच बसले. भाऊ शेजारी होता. साखरपुड्याचा फोटो पडद्यावर येताच म्हणाला, "कुबडी तेवढी पुसून टाक."

"काहून? नवऱ्यानं पाह्यली नं?"

"त्यानं पाह्यली, पन लोकं काय म्हनतीन? दिवसभर लोकायचे डाग पुसतं तू, मंग सोताचाच ठेवतं?"

डाग! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण त्याच्या बोलण्यामागे आईही होती, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, बरं, पुसून दाखवते.

कुबडी सफाईने गेली. खांदा मात्र कललेलाच राहिला. आधाराविना मी हवेत तिरपी, आता पडते की मग पडते अशी.

"खांदा सरळ कर नं," भाऊ म्हणाला.

खांदा सरळ केला तर कंबर खोटी दिसू लागली. कंबर सावरली तर पाय. मग रंगही उजळवला, कसर कशाला ठेवायची? शेवटी नवऱ्याशेजारी कोणी भलतीच बाई उभी राहिली.

"झाली तयार. हिच्यासंगच लाव आता त्याचं लग्न."

मी केलेलं सगळं मागे घेतलं. कुबडी परत आली, तसा खांदाही जागेवर बसला. सावळा रंग होता तसाच ठेवला. झेंडूची वेल नेहमी कडेने लावते. या वेळी ती कुबडीला धरून वर चढवली आणि तिच्या टोकाशी आमची दोघांची नावं टाकली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बॅनर तेच लागलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात नवऱ्याची म्हातारी आत्या आली. तिने मला कधीच पाहिलं नव्हतं. दहा बायकांच्या घोळक्यातून ती नेमकी माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"फाट्यावर पाह्यलं तुले," ती म्हणाली. "तूच होय नं माय आमची सून?"

"हो," मी म्हणाले. "मीच होय."