उन्हात वाकलेला पंख

पाच मेला दोन हजार रुपये ठरले. हजर मी, माझी मुलगी आणि तो, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात थ्रीडी प्रिंटरवर वस्तू छापून देणारा. मुलीला कॉलेजच्या परीक्षेत विमानाचा आकार बदलणारा पंख दाखवायचा होता. आतली तार विजेने तापली की वाकणारा, निवली की सरळ होणारा.

‘टेक्नॉलॉजी हाय, भाऊ,’ हे त्याचे प्रत्येक शंकेवरचे उत्तर.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, त्याने पंख मोटारसायकलच्या टाकीवर बांधून आणला. प्लास्टिक पापडासारखे वाकले होते.

‘काका, तार तर अजून जोडलीच नाही!’ मुलगी रडवेली झाली.

‘बिना करंटचा वाकून राह्यला, अजून काय पायजे तुले?’

‘अन् सरळ कवा होईन?’ मी विचारले.

‘ऊन उतरू द्या ना, भाऊ.’

ऊन उतरले, पंख वाकडाच राहिला. दोन हजार अखेर वाशीमच्या दुसऱ्या छपाईवाल्याला गेले. याला दहा रुपयांचा चहा पाजला.