आतोबांचं विमानशास्त्र

जगात कुठेही विमान पडो, त्याचं खरं कारण सर्वांत आधी पेणमध्ये कळत असे, आणि तेही माझ्या आतोबांना. चौकशी समित्या वगैरे मागाहून बसत. आतोबा स्वतः विमानात कधी बसले नव्हते. आयुष्यात चढले ते फार तर गणपतीच्या कारखान्यातल्या माळ्यावर. तिथे त्यांचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. सगळी मूर्ती रंगून झाली की शेवटी आतोबा ब्रश घेऊन बसत, श्वास रोखून दोन डोळे काढत आणि तो रोखलेला श्वास पुढचा अर्धा तास बोलण्यात खर्च करत.

कारणांना त्यांच्याकडे तोटा नव्हता. एक विमान पडलं, कारण सगळे प्रवासी सूर्यास्त बघायला एकाच बाजूला गेले. धरमतरच्या खाडीत होडी अशीच कलंडते, हा पुरावा. दुसरं पडलं, कारण वैमानिक उपाशी होता. तिसऱ्याची घडणच चुकली होती. "वजन पोटात पायजे. आपला गणपती बघा, कधी पडलाय?" खांब गावाजवळ हायवेवर टोमॅटोचा ट्रक उलटला, तेव्हाही त्यांनी ट्रकच्या पोटालाच दोष दिला. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर जाणारा एक शेजारी एकदा म्हणाला, "नट ढिला झाला असेल." आतोबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. इतकं साधं कारण म्हणजे त्यांना विद्येचा अपमान वाटे.

मग नव्वदनंतरच्या एका श्रावणात, आखाताकडे निघालेलं विमान पडल्याची बातमी रेडिओवर आली आणि कारखान्यात जत्रा भरली. कोणी म्हणालं वीज पडली, कोणी म्हणालं पंख्यात घार शिरली. मिठागरावरच्या एका म्हाताऱ्याने सगळा दोष वाऱ्यावर टाकला. आतोबा सूप हातात धरून विमान कसं गिरकी घेतं ते दाखवत होते, तेवढ्यात जिते गावची ताराबाई दारात उभी राहिली.

"दादा, माझा पाट परत द्या," ती म्हणाली.

आमच्याकडे प्रत्येक घर आपला पाट कारखान्यात आणून देतं आणि त्या पाटावर त्या घरचा गणपती बसतो. ताराबाईचा एकुलता मुलगा आखातात नोकरीला जायला म्हणून चार दिवसांपूर्वी मुंबईला एजंटाकडे गेला होता. तो कुठल्या विमानाने जाणार, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पोरगा त्यात असला तर सुतक आलं. मग गणपती कसा आणू?"

सूप खाली आलं. 

"बस गो," आतोबा म्हणाले. "तो नाय त्यात." आणि सुरू झाले. "एजंट लोक पंधरा दिवस रखडवल्याशिवाय कुणाला पाठवत नाय. आणि तुझा पोरगा? गेल्या साली मूर्ती न्यायला चतुर्थीला दुपारी आला, घरी भटजी पेंगत बसलेले. त्याला विमान गावणार हाय व्हय?"

ताराबाई रडता रडता हसली. तोवर आतोबांनी रांग मोडून तिचा गणपती पुढ्यात ओढला होता. डोळे काढून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता पाट परत मिळायचा नाय. डोळे उघडलेला देव घरी न्यायलाच लागतो." असा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा मान खाली घालून जित्याच्या स्टेशनवर उतरला. एजंट खोलीला कुलूप लावून पळाला होता, आणि लाजेपायी याने घरी कळवलंच नव्हतं. त्यानंतर चतुर्थीपर्यंत आतोबांनी पेणमध्ये दुसऱ्या कोणाला तोंड उघडू दिलं नाही.

आतोबा आता नाहीत, म्हणून सांगतो. ताराबाईची मूर्ती गाडीत ठेवायला मी पाट धरला, तेव्हा डावा डोळा मला केसभर खाली दिसला. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं. वाटलं, आता दहा कारणं ऐकावी लागणार. ते ब्रश धूत राहिले. त्या वेळी मला त्यांची जितकी माया वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती.

"हात कापत होता रे," ते म्हणाले. "ती समोर बसलेली. मला तरी कुठं ठाऊक होतं?"