खात्रीबाईंचे दहा दिवस

खात्रीबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता ऑफिसात उरलेलं नाही. बदली होऊन आलेल्या एका हेडक्लार्कने एकदा मारली होती. बाईंनी चष्म्यावरून बघत त्यांना विचारलं, "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" हेडक्लार्क दुसऱ्या दिवसापासून लांबच्या जिन्याने जाऊ लागले.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली चार नंबरची खिडकी बाईंची. जिन्याखाली आहे, त्यामुळे उंच माणसाला वाकूनच बोलावं लागतं. ज्याची गुणपत्रिका हरवली, भिजली, उंदराने खाल्ली किंवा चिडलेल्या बायकोने फाडली (अशी तीन प्रकरणं मला ठाऊक आहेत, नावं विचारू नका), त्याने दुसऱ्या प्रतीसाठी तिथे यायचं. बाई अर्जावर आधी त्या दिवसाचा आवक शिक्का मारणार, मग अर्ज उजेडात धरणार, सहीवरून नख फिरवणार आणि म्हणणार, "ठीक आहे. मी खात्री करून घेते." झालं, तेच नाव पडलं.

शेजारच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. तेव्हा यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं कानांनी पाहिलं.

घरीही त्या अशाच. नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाला तीस वर्षं झाली तरी तो दुकान बंद करून आला की पहिला प्रश्न, "कुलूप ओढून बघितलंत?" तो म्हणतो, "बघितलं." मग दुसरा प्रश्न, "किती वेळा?" माणूस दिवसभर चिमट्याने बारीक चाकं उचलतो, म्हणून निभावलं. दुसरा कुणी असता तर एव्हाना संन्यास घेऊन मोकळा झाला असता, आणि बाईंनी संन्यासाचाही दाखला मागितला असता.

पण हा स्वभाव काही जन्माचा नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी खिडकीवर एक गोडबोल्या आला. "ताई, ताई" करत त्याने गुणपत्रिका हरवल्याची कहाणी सांगितली, डोळेसुद्धा पुसले. बाईंनी चार दिवसांत प्रत हातात दिली. ती निघाली त्याच्या चुलतभावाची. आडनाव एक, गुण भावाचे, आणि त्या गुणांवर नोकरीला लागला हा. चौकशी झाली. बाईंना लेखी समज मिळाली आणि तो कागद त्यांच्या फायलीत कायमचा जाऊन बसला. तेव्हापासून बाईंनी नियमच केला. आलेल्या प्रत्येक अर्जामागे अर्जदाराच्या कॉलेजला पत्र जाणार: हा मनुष्य तुमचाच का? उत्तर येईपर्यंत अर्ज कपाटात. कॉलेजवाले उत्तर देणार त्यांच्या सवडीने. मात्र त्या दिवसानंतर चार नंबरमधून एकही खोटी प्रत बाहेर गेली नाही. एकही नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण "तुम्हाला कशावरून माहीत?" असं त्यांनी विचारलं असतं.

तर अशा सगळ्या सुरळीत कारभारात एक परिपत्रक आलं. "विद्यापीठात बेंचमार्किंग करण्यात येणार आहे. सर्व विभागांनी सहकार्य करावे." खाली सही नव्या उपकुलसचिवांची, म्हणजे आमच्या साहेबांची. बेंचमार्किंग म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही, कारण विचारलं की आपल्याला माहीत नाही हे उघड होतं. देखभाल विभागाच्या सुताराने तर मुळीच विचारलं नाही. त्याने पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि दोन दिवसांत तिन्ही मजल्यांवरच्या सगळ्या बाकांवर नंबर टाकले. सोमवारी साहेबांनी पाहिलं.

"हे कुणाचं काम?"

"माझं, साहेब. बेंच मार्किंग. एक्केचाळीस झाले. दोन मोडके होते, ते धरले नाहीत."

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात. चार नंबरच्या खिडकीसमोरच्या बाकाला सातचा आकडा मिळाला होता. बाईंनी तो बोटाने पुसून बघितला. गेला नाही.

मग बैठक झाली आणि खरा अर्थ कळला. आपल्यासारखंच काम आपल्यापेक्षा चांगलं करणारी संस्था शोधायची, दोघांचं मोजमाप करायचं, आपण कुठे मागे पडतो ते बघायचं आणि ते कसं करतात हे शिकून यायचं. ऐकायला काही वाईट नाही. मीसुद्धा मान डोलावली. तेवढ्यात भिंतीवर आकडे झळकले. गुणपत्रिकेची दुसरी प्रत: शेजारचं विद्यापीठ, तीन दिवस. आपण, एकवीस.

"तीन?" बाई म्हणाल्या.

"तीन," साहेब म्हणाले. "आणि आपल्याला वर्षअखेर तिथे पोचायचंय. नाही पोचलो तर खिडकी बंद. काम बाहेरच्या कंपनीला जाईल. तुमची सोय जुन्या कागदांच्या खोलीत केलेली आहे."

जुन्या कागदांची खोली म्हणजे तळघर. तिथे खिडकी नाही, माणूस नाही, एक पंखा आहे तो फिरताना कण्हतो. बाईंची नोकरी तीन वर्षं उरली होती. साऱ्या सभेत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"साहेब, तीन दिवसांत आमच्याकडे नुसती सही होत नाही," बाई म्हणाल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग बघून या की! परवा आपली गाडी जातेय, तुम्हीही चला. शिकण्यासारखं असतं, बाई. प्रत्येक ठिकाणी संशय बरा नाही."

"तुम्ही गेला होतात का आधी?"

साहेब गेले नव्हते. आकडा त्यांनी शेजारच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उचलला होता.

त्या विद्यापीठात स्वागत झालं, चहा झाला, बिस्किटं झाली, पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले. बाई तिसऱ्या खांबाला उठल्या आणि खिडकी शोधत निघाल्या. सापडली. आत त्यांच्याच वयाच्या एक बाई, चष्म्याला साखळी, बाजूला डबा. दोघींनी एकमेकींकडे अशी नजर टाकली, जशी दोन मांजरं एका कुंपणावर समोरासमोर आल्यावर टाकतात.

"काय हवंय?"

"काही नाही. तीन दिवस बघायला आलेय."

"पाहुण्यांना बघायला तिकडे हॉलमध्ये ठेवलेत."

"ते कागदावरचे. मला खिडकीतले बघायचेत."

साखळीवाल्या बाई जरा पुढे वाकल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही त्या विद्यापीठातल्या ना? जिथे वर्षभरात एकही तक्रार आलेली नाही? आमचे साहेब उठता-बसता तुमचं उदाहरण देतात. आम्हाला तुमच्यासारखं व्हायचंय म्हणे."

खात्रीबाईंना आधी कळेना. मग कळलं. "अहो, आमच्या तक्रारपेटीची किल्ली हरवलीय. दोन वर्षं झाली. उघडणार कोण?"

साखळीवाल्या बाई एवढ्या हसल्या की साखळी नाकावर आली. दार उघडून त्यांनी बाईंना आत घेतलं आणि टेबलाखालची टोपली पायाने पुढे सरकवली. टोपलीत अर्ज. एकावरही शिक्का नाही.

"हे काय?"

"हे आलेत, पण आलेले नाहीत. प्रत छापून, सही होऊन माझ्या हातात पडली की मग यांच्यावर आवक शिक्का. तिथून मोजायचं. तीन दिवसांत जातंच. वरून तसंच सांगितलंय, मी काय करू?"

म्हणजे पाणी मुरत होतं ते इथे. बाईंना आपली खिडकी वाचवायला पुरावा मिळाला होता. आता नुसतं परत जाऊन सांगायचं, आकडा खोटा आहे, विषय संपला. पण त्यांचं नाव खात्रीबाई. त्यांनी निकाली निघालेल्या अर्जांचा गठ्ठा मागितला. अर्जदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने घातलेली तारीख आणि प्रत नेल्याची तारीख, असे चौदा अर्ज त्यांनी पर्समधल्या डायरीत उतरवले. सरासरी आली अकरा.

तीन नव्हे. पण एकवीसही नव्हे.

"कॉलेजला पत्र कधी पाठवता?" बाईंनी विचारलं.

"कसलं पत्र?"

"खात्रीचं."

साखळीवाल्या बाईंनी बोलण्याऐवजी दाखवलंच. खिडकीवर एक माणूस आला. त्याला त्यांनी समोरच्या बाकावर बसवलं. मागच्या कपाटातून त्या वर्षाची निकालाची जाडजूड वही काढली. तिच्यात परीक्षेच्या अर्जावरचा फोटो, सही, सगळं. मग सहज गप्पा मारल्यासारखं विचारलं, "दुसऱ्या वर्षी कशात राहिला होतात हो?" माणूस लाजला आणि म्हणाला, "रसायनात. दोनदा." वहीत तसंच होतं. पाव तासात काम संपलं.

"खोटा असला तर नापास झाल्याचं सांगत नाही," साखळीवाल्या बाई म्हणाल्या. "खोट्याला फक्त पास झालेलं पाठ असतं."

परतीच्या गाडीत बाईंनी डायरी काढून बेरीज पुन्हा करून बघितली. साहेब मात्र खुशीत. "पाहिलंत ना? तीन!" बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. एकविसातून अकरा गेले, दहा उरले. ते दहा दिवस छपाईचे नव्हते, सहीचे नव्हते. पत्राचे होते. त्या एका गोडबोल्याचे दहा दिवस बाईंनी चोवीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर टाकले होते.

घरी नवऱ्याने भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. "काय गं, चोर सापडला का?"

"दोन सापडले," बाई म्हणाल्या. "एक तिकडचा."

दुसरा कोण, हे त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "माझ्याकडे लोक घड्याळ आणतात, पुढे जातंय म्हणून. मी विचारतो, कशाशी लावून बघितलं? दहातल्या चौघांचं भिंतीवरचंच चुकलेलं असतं."

"आणि उरलेल्या सहांचं?"

"त्यांचं खरंच पुढे जात असतं. मग उघडावं लागतं."

सोमवारी साहेबांनी बाईंना बोलावलं. टेबलावर एक नवी कोरी टोपली. वेताची, चांगली घट्ट विणलेली. म्हणजे साहेबांनाही कळलं होतं! मी फाईल द्यायच्या निमित्ताने आत घुसलो होतो, आणि ती फाईल मला फार जड वाटत होती, म्हणून थांबलो.

"बाई, नियमात कुठे लिहिलंय, शिक्का कधी मारायचा ते?" साहेबांचा आवाज लोण्यासारखा. "टोपली खाली ठेवा. खिडकी तुमची राहील, तळघराचा विषयच नको. मी कुणाला काही विचारत नाही, तुम्ही मला काही सांगू नका."

बाईंनी टोपली हातात घेतली. उलटी केली, बूड बघितलं, परत ठेवली.

"साहेब, माणूस खिडकीवर आला त्या दिवशी तो आला. मी त्याला आला नाही म्हणू शकत नाही. त्यांचे खरे दिवस अकरा आहेत, माझ्याकडे चौदा अर्जांच्या तारखा आहेत. आपले एकवीस. मधले दहा माझे आहेत."

"तुमचे म्हणजे?"

"मी पत्र पाठवते ते. ते बंद करते. मला निकालाच्या वह्यांचं कपाट खिडकीमागे हवं आणि समोरचा सात नंबरचा बाक खिडकीला चिकटून."

साहेब उसासले. "अकरा म्हणजे तीन नव्हेत, बाई. मी वर काय सांगू?"

"दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून मोजा म्हणावं. आणि टोपलीचं मी वर सांगू, की तुम्ही सांगता?"

हे त्या इतक्या सरळ स्वरात म्हणाल्या की धमकी होती का चौकशी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. साहेबांनी ठरवलं असावं. वर्षअखेरपर्यंत मुदत मिळाली, आकडा ठरला अकरा. टोपलीत हल्ली साहेबांच्या घरचे कांदे असतात, असं त्यांचा ड्रायव्हर सांगतो.

पहिला महिना बाईंना फार जड गेला. माणूस बाकावर बसवायचा, वहीशी ताडून बघायचा आणि पत्र न पाठवता अर्ज पुढे सरकवायचा. पहिल्या आठवड्यात मी त्यांना एक पाकीट लिहिताना पकडलं. त्यांनी ते फाडलं आणि तुकडे मोजून टोपलीत टाकले, कचऱ्याच्या. तिसऱ्या महिन्यात एक "ताई, ताई" आला. बाईंनी विचारलं, "दुसऱ्या वर्षी कशात राहिला होतात?" "छे, मी तर नेहमी पहिल्या वर्गात," तो म्हणाला. वहीत तो दोन विषयांत राहिलेला होता. बाईंनी वही फिरवून त्याच्यासमोर धरली. तो बाकावरून उठला तो थेट फाटकाबाहेर.

त्या दिवशी बाईंनी सगळ्या विभागाला चहा दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी कप आधी वास घेऊन मगच प्यालो.

वर्षअखेर आकडा आला: बारा.

"एक दिवस कमी पडला, बाई," साहेब म्हणाले.

"तो माझा, साहेब. अर्ज एक रात्र उशाशी ठेवल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. तो काही सुटायचा नाही."

खिडकी राहिली. साहेबांचं मन विरघळलं असं समजू नका. आम्ही नऊ दिवस खाली आणल्याचं वर फार कौतुक झालं होतं, आणि ते साहेबांनी उभ्या उभ्या स्वीकारलं होतं.

मी निवृत्त झालो तरी चहाला जातो. परवा गेलो तेव्हा तिसऱ्याच कुठल्या विद्यापीठाची चार माणसं आली होती, आमच्याकडून शिकायला. एक जण टेप घेऊन सात नंबरच्या बाकाची लांबी मोजत होता. शेजारी सुतार छाती काढून उभा. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, बेंचवरच आहे सगळं."

त्यांच्यातला म्होरक्या वाकून खिडकीत बघत म्हणाला, "ताई, तुमचे ते बारा दिवस जरा समजावून सांगाल?"

बाईंनी चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सांगते की. बसा बाकावर," त्या म्हणाल्या. "आणि आधी ओळखपत्र दाखवा."