कुलपाबाहेर भरलेली सुमनबाईंची शाळा

आदरणीय सुमनबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी चार गोड शब्द लिहावेत, असं गौरव समितीनं कळवलं. "जुनं काही उकरू नका," असंही एका सदस्यांनी फोनवर बजावलं. बाईंविषयी माझ्याकडे गोड शब्द पुष्कळ आहेत. पण जुनं गाळून ते लिहिता येत नाहीत.

बाई मला प्रथम भेटल्या त्या मूर्तिजापुरात, एका शाळेच्या पायरीवर. माझी वंदना तेव्हा सहा वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. "मुकी पोर वर्गात बसवून काय करू? देवानंच तिला तसं घडवलंय. घरकाम शिकवा," म्हणाले. मी होकारार्थी मान हलवून बाहेर आले. त्या मुख्याध्यापकांचा मला आजही राग येतो. त्याहून जास्त राग माझ्या त्या हललेल्या मानेचा येतो. घरी सासूबाई हेच म्हणत, शेजारणी हेच म्हणत, आणि देवापुढे दिवा लावताना मीही रोज हेच म्हणत होते.

त्याच शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या सुमनबाई माझ्यामागून बाहेर आल्या. वंदनासमोर उकिडव्या बसल्या, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि मोठ्यानं "बा" म्हणाल्या. हाताला थरथर लागताच वंदना हसली.

"इले शिकवता येते," बाई मला म्हणाल्या. "मले अजून येत नाही. पन शिकीन."

वंदनाला त्या शाळेत तासभर बसू द्यायलाही मुख्याध्यापक तयार झाले नाहीत. तेव्हा बाई बिनपगारी रजा घेऊन कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला नागपूरला गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी कायमची नोकरी सोडली. घरी दोन लहान मुली, यजमान अंथरुणाला खिळलेले. राजीनामा द्यायला निघाल्या त्या सकाळी मी सोबत होते. शाळेच्या वाटेवर त्या दोनदा थांबल्या.

"बाई, भेव वाटते?" मी विचारलं.

"वाटते ना वो. म्हनून तर देवाचं नाव घेऊन राहिली. पाऊल टाकनं माह्याकडं, पुढचं त्याच्याकडं."

गावानं त्यांना वेडी ठरवलं. आज तीच मंडळी भाषणात "दूरदृष्टी" म्हणतात, तेव्हा मला खुर्चीत बसवत नाही.

एका देवळाच्या विश्वस्तांनी सभामंडपामागची खोली शाळेला दिली. अकरा मुलं जमली. बाई त्यांच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरून "प" म्हणायला लावत. पट्टी हलली की अक्षर आलं. ज्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही ती मुलं ओरडणारच. तिसऱ्याच महिन्यात एका सकाळी खोलीला कुलूप दिसलं. शेजारी एक विश्वस्त उभे होते.

"भक्तायचं मन लागत नाही बाई. आन् हे मागल्या जन्माचं फळ देवाच्या दारात काहून मांडता?"

मुलांना ते ऐकू आलं नाही. मला आलं. अजून येतं.

बाईंनी कुलपासमोरच्या फरशीवर सतरंजी अंथरली आणि त्या दिवसाचा पाठ पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी आवाराचं फाटकही बंद होतं. आम्ही रस्त्यावर उभे असताना शकूरभाई आले. त्यांचा पुतण्या त्या अकरांपैकी एक. त्यांची लाकूड कापायची आरामशीन होती.

"बाई, अपना शेड खाली पड़ा है. मशीन का आवाज बहोत है, लेकिन इन बच्चों को क्या फरक पड़ता?"

रस्त्यातच बाई पोट धरून हसल्या. पुढं कितीतरी वर्षं शाळा त्या शेडमध्ये भरली. मशीन सुरू झाली की मुलं फळीला तळहात लावत, आणि बाईंनी त्यावरच थरथर ओळखायचा धडा बसवला.

देवळात मात्र त्या रोज जात राहिल्या, त्याच देवळात. एकदा मी भडकले. "ज्यानं कुलूप लावलं, त्याच्याच पाया कावून पडता?"

"कुलूप देवानं लावलं का वो?" बाई म्हणाल्या. "त्याच्याजवळ कुठं किल्ली राह्यते?"

माझा राग गेला नाही. बाईंना तो कधी आलाच नाही असं लोक कौतुकानं सांगतात, तेही मला पटत नाही. त्या रात्रंदिवस राबल्या, हेच त्यांचं रागावणं होतं, असं मला वाटतं.

मला दहावीला त्यांनीच बसवलं. "पोरगी वाचून राहिली, आन् माय कोरी?" म्हणाल्या, आणि शाळा सुटल्यावर स्वतः माझं गणित घेतलं. नंतर मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. त्यांची पोळीभाजी आम्ही दोघींनी एकाच डब्यातून किती वर्षं खाल्ली, सांगता येत नाही. वंदना आज अकोल्याला चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि नवऱ्याशी हातवारे करून असं भांडते की तोच थकतो.

समितीनं निमंत्रणपत्रिकेत बाईंना "देवीस्वरूप" छापलं आहे. देवी म्हटलं की नमस्कार करून घरी जाता येतं. माणूस म्हटलं असतं, तर सोबत चालावं लागलं असतं.

गेल्याच महिन्यात बाई गुडघ्याला पट्टा बांधून एसटीनं मोर्शीकडच्या एका गावी गेल्या. मी बरोबर होते. ऐकू न येणारी पाच वर्षांची मुलगी आतल्या खोलीच्या दाराआडून पाहत होती. तिचे आजोबा म्हणाले, "देवाची मर्जी, बाई." माझा तोल जाणार होता. बाईंनी माझं मनगट धरलं आणि त्या उंबरठ्यावरच बसल्या. दुपार कलली तरी उठल्या नाहीत. सोमवारी ती मुलगी शाळेत राहायला आली.

सुमनबाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत. आणि त्या आयुष्यात असा एक तरी महिना येवो, की लेकराला शाळेत पाठवा म्हणून त्यांना कोणाच्याही उंबरठ्यावर बसावं लागू नये. तेवढा महिना बाईंनी घरी स्वस्थ झोपून काढावा.