बारा शब्दांचं गाऱ्हाणं

आमच्याकडे महिनाभर राहिलेल्या एका गोऱ्या पाहुण्यानं खोलीचं भाडं क्रिप्टोत दिलं. लेकीनं माझ्याच फोनात क्रिप्टोचं पाकीट उघडलं. तिच्या नर्सिंगच्या फीचे पैसे ते, बापाकडे सुरक्षित राहतील असं तिला वाटलं. पोरगी हुशार, पण तिथं चुकली.

त्या पाकिटाची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन गेला तरी ते क्रमानं टाकले की दुसऱ्या फोनात पाकीट उघडतं. तिनं ते कागदावर लिहून दिले. म्हणाली, "बाबा, ह्यो कागद फोनाच्या वांगडा ठेव नको." मी तो फोनच्या कव्हरातच सरकवला. हरवू नये म्हणून.

शाळेत मी जातो तो फक्त मतदानाला. तरी एकेका शब्दाचा अर्थ तिला विचारून घेतला आणि देवळात घालतात तसं त्यांचं गाऱ्हाणं रचलं. रोज सकाळी चुलीपाशी बसून घालायचो. "बा देवा म्हाराजा, ह्या चार पायांच्या गोटाक राईस घाल, होडयेक सेल बांध..." असं पार बारापर्यंत. बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "व्हय म्हाराजा. आणि ह्येका वायच अक्कल दी."

मग एकदा डॉल्फिन दाखवायला माझ्या होडीतून पर्यटक नेले आणि डॉल्फिन काही दिसेना. तो उडी कशी मारतो ते मी करून दाखवलं. खिशातल्या फोनानं माझ्यापेक्षा चांगली मारली. कागदासकट.

घरी येऊन सांगितलं. लेक कॅलेंडरासमोर जाऊन उभी राहिली. फीची तारीख तोंडावर आलेली. शेवटी बायको म्हणाली, "बघतंस काय? गाराणा घाल."

मी डोळे मिटून घालत गेलो, लेक तिच्या फोनात टाकत गेली. बारा झाले, पाकीट उघडेना.

"बाबा, सेल म्हणजे विकूचो सेल मा? तोच घातलंय."

मी परत पहिल्यापासून सुरू केलं. "...होडयेक सेल बांध..."

"थांब. होडयेक? म्हणजे शीड?"

"मग काय टॉर्चीचो सेल बांधतत होडयेक?"

तिनं तेवढा एक शब्द बदलला. पाकीट उघडलं. बायको सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

लेक आता हॉस्टेलवर आहे. पांढऱ्या कपड्यातला तिचा फोटो मी होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो, डॉल्फिनच्या आधी. मैत्रिणींना तिनं सांगितलंय म्हणे, माझ्या बाबांना बारा इंग्रजी शब्द येतात, स्पेलिंग एकाचंही येत नाही, आणि त्यांच्यावरच मी इथं आलेय.