दारातून पाहिलेल्या लाटा

खंडेनवमीला आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये झेंडूचा वास सुटला, की मला बोरीवलीतली जुनी लॅब आठवते. मी तेव्हा बीएस्सीला होते. चपला बाहेर काढून आम्ही सगळे पूजेला आत जमलो होतो. माझी मैत्रीण रत्ना मात्र दाराबाहेर, त्या चपलांपाशीच थांबली. तिची आई जाऊन महिनाही झाला नव्हता. वर्षभर सण करायचा नाही, म्हणून ती आत येईना.

"मग तिथूनच बघ गं," म्हणत फिजिक्सच्या सरांनी हार घातलेला जाडजूड मॉनिटर दाराकडे वळवला. आम्हाला शिकवायला त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता. समोरासमोरून दोन लाटा आल्या, एक वर उचललेली, दुसरी तेवढीच खाली दबलेली. मध्यावर भेटल्या आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ उरली.

"संपलं, सर?" रत्नाने विचारलं.

"थांब जरा."

दोन्ही लाटा एकमेकींतून पार झाल्या आणि होत्या तशाच पुढे गेल्या.

"सर, परत लावा ना."

सर लावत राहिले. आरती खोळंबली. मला वाटलं, इतकं सोपं हिला कळत कसं नाही!

आता मीही हेच शिकवते. पोरं मोबाइलवर त्या लाटांचा व्हिडिओ भराभर पुढे ढकलतात. सपाट रेघ आली, की मी म्हणते, "थांबा जरा."