उलटवलेली कॉलर

आत्याने पंचावन्नाव्या वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा अर्ज भरला तेव्हा घरात सगळ्यांना मजा वाटली. मला धडकी भरली, कारण शिकवणार मी. कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवून झाल्यावर तिला शिवणशाळेत शिक्षिका व्हायचं होतं, आणि प्रमाणपत्राशिवाय तिथे घेत नव्हते. साहित्याच्या पेपरात ती याआधी दोनदा आपटली होती. ही शेवटची संधी.

अभ्यासाला असलेल्या एका धड्यातला बाप मुलाला निरोप द्यायला स्टेशनवर येतो. लेखक लिहितो, ‘त्याची कॉलर कोरी दिसत होती, पण कडेला जुन्या टाक्यांची बारीक भोकं होती.’ यातून बापाचा टापटीपपणा दिसतो, असं मी अकरा वर्षं वर्गात सांगत आले. गाइडातही तेच आहे.

“टापटीप कसली डोंबलाची!” आत्या म्हणाली. “कॉलर उलटवलीय ती.”

“म्हणजे?”

“विरलेली कॉलर उसवायची, पालटून परत शिवायची. नव्यासारखी दिसते. त्याच्याकडे दुसरा शर्ट नाहीये, नि पोराला ते कळू द्यायचं नाहीये.”

“मग लेखकाने तसं सांगितलं का नाही?”

“ज्यांनी उलटवल्यात त्यांना काय सांगायचं?”

माझा पारा चढला. चुका काढायची सवय मला, काढून घ्यायची नाही. “परीक्षकाने नसतील उलटवल्या. गुपचूप गाइडातलं लिही.”

आत्याने पुस्तक मिटलं. “तुझ्या बाबांच्या मीच उलटवायचे. तू कॉलेजात होतीस तेव्हा. कधी दिसलं तुला?”

नाही दिसलं. बाबा रोज माझ्यासमोर जेवायला बसायचे. मला माझीच लाज वाटली.

“तुझंच लिही,” मी म्हणाले. “फक्त परीक्षकाने आयुष्यात सुई धरली नाही असं समजून लिही.”

तिने तसंच लिहिलं. कात्री कुठे घालायची, उसवताना दोरा कसा ओढायचा, सगळं. तीन गुणांनी ती नापास झाली. मी भांडून उत्तरपत्रिकेची प्रत मिळवली. त्या पानभर उत्तराला शून्य होतं. बाजूला शेरा होता, ‘धड्यात असे कुठेही म्हटलेले नाही.’ असे शेरे मीही मारले आहेत, याच लाल शाईने.

आत्याने चष्मा लावून तो शेरा दोनदा वाचला.

“बरंय बाई त्या परीक्षकाचं,” ती म्हणाली. “वेळच आली नसेल कधी.”